चातुर्मासात तरारलेला पालक

जालिंदर, गड्या,

सांगलीहून रायगोंडाचा जय जिनेंद्र. तुझा जय भीम मागच्या फोनवर पोचला. मायावहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडं सगळं ठीक आहे, म्हणजे मी सोडून. (फोन सोडून पत्र का, असं विचारशील. डॉक्टरांनी मोबाइल कमी करायला सांगितलाय. टपालाबद्दल ते काही बोलले नाहीत.)

कुपवाडचा कारखाना सुटल्यापासून माझं मन कशात लागत नाही, हे तुला ठाऊक आहे. तू फौजेतून येऊन गेटवर राखणीला आणि मी लेथ मशिनवर होतो, तेव्हा रक्तदाब कशाशी खातात ते माहीत नव्हतं. आता तो खाली येईना, म्हणून आमच्या आर्जवनं पुण्याहून हुकूम सोडला. दिवाळीपर्यंत उतरला नाही, तर आईबाबांनी गाशा गुंडाळायचा आणि त्याच्या अकराव्या मजल्यावर कायमचं राहायला जायचं. तिथं मी दिवसभर काय करू, खाली बघत बसू? तेव्हा तूच म्हणालास, मातीत हात घाल, मन हलकं होतं, आणि साताऱ्याहून बियांची पिशवी पाठवलीस. माझी दशा तिथून सुरू झाली.

पिशवीतला मुळा आणि गाजर मी बाजूला काढलं. (आम्ही जमिनीखालचं खात नाही. इतकी वर्षं माझ्या डब्यात हात घालूनही तुला कळलं नाही?) उरला पालक, मेथी आणि शेपू. गच्चीवर कुंड्या मांडल्या, शेणखत घातलं, आणि सगळं कसं तरारून आलं. पालकाची पहिली पेंडी मोठ्या ऐटीत स्वयंपाकघरात नेली, तर गुणमालानं बोट भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवलं. चातुर्मास लागला होता. चार महिने आमच्या घरात पालेभाजी बंद. जन्मभर जैन असलेल्या माणसानं आषाढाच्या तोंडावर पालक पेरला, हे मंदिरात कळलं तेव्हा पंडितजीसुद्धा पदर नसल्यामुळं उपरण्यात तोंड लपवून हसले.

मग वाटत सुटलो. शेजारच्या भाऊसोंनी पहिली पेंडी कौतुकानं घेतली, दुसरी संकोचानं. आता माझी चाहूल लागली की ते चपला हातात घेऊन घरात शिरतात.

एवढ्यावर भागलं नाही. गोगलगाई आल्या. औषध मारतो म्हटलं, तर गुणमाला म्हणाली, "आवं, ती बी जीवच हाईत की. चातुर्मासात मारताय व्हय?" म्हणून मी रोज सकाळी एकेक गोगलगाय वेचतो, कारखान्याच्या जुन्या डब्यात घालतो आणि स्कूटरवरून हरिपूरला नदीकाठी सोडून येतो. वाटेवरची चहावाली सुलाबाई रोज विचारायची, "पाटील, डब्यात काय हाय?" एकदा खरं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी फार हळू बोलते, इस्पितळात भेटायला आल्यासारखी.

घरी येऊन यंत्र दंडाला लावतो, तर आकडा वरच. आणि जी बायको कुंडीला बोटही न लावता कमरेवर हात ठेवून माझ्या चुका काढते, तिचा रक्तदाब बघून डॉक्टर शाबासकी देतात. खरं सांगतो जालिंदर, मी खचलोय. लेथवर माझ्या हातून केसाएवढा फरक पडत नव्हता, आणि इथं साधं जगणंही मापात बसेना. दिवाळी जवळ आली, की मला उचलून नेतील.

तुझा,
रायगोंडा

ता. क. : टेम्पो घेऊन ये आणि सगळ्या कुंड्या साताऱ्याला ने. मला आता त्या बघवत नाहीत.

आणखी ता. क. : कुंड्या राहू दे. खरं काम वेगळं आहे. आर्जवला फोन कर आणि सांग, रायगोंडाला डोळ्यांनी बघून आलो, गडी ठणठणीत आहे. फौजी माणूस खोटं बोलत नाही, असा त्याचा समज आहे.

जालिंदर भाऊजी, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडं दिलं, म्हणून खाली माझ्या चार ओळी. आर्जवला फोन करू नका. आम्ही पुण्याला येणार नाही, हे मी त्याला श्रावणातच सांगून टाकलंय. यांना तेवढं कळू देऊ नका. कारखाना सुटल्यावर हा माणूस दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडायचा. आता पुण्याच्या भीतीनं का होईना, उजाडलं की उठतो. – गुणमाला