दुर्वाच्या वजनातली माझी चांदी

आधी आली अंगणवाडीची मंगल, वजनकाटा घेऊन. तिच्यामागं नर्सबाई मंजुषा आणि त्या दोघींच्यामागं, कुणी बोलावलं नसताना, माझी नणंद गंगासागर. साक्षीदार घरबसल्या मिळाले, म्हणून हा कागद आजच लिहिते. मी रुक्मिणीबाई भगवानराव तांदळे, वय सत्तावन्न, राहणार चकलांबा. शाळा तिसरीपर्यंत, डोकं मात्र पुरं शाबूत. कुणाच्या दाबाखाली लिहीत न्हाई. मला दाबणारा अजून जन्मायचाय.

कारण असं की, माझी आठ महिन्यांची नात दुर्वा दर महिन्याला काट्यावर लई छान भरायची. दृष्ट लागू नये म्हणून चांदीचे वाळे, करदोडा, दुपटं मी अंगावरून काढूच द्यायची न्हाई. आज मंगलनं काढलं. अर्धा किलो माझंच निघालं, पोर कमीच भरली!

मंजुषा म्हणाली, "आजी, ही पोर ऊसतोडीला नेऊ नका. तिथं पाचटाच्या कोपीत थंडी, धूर, वर कालव्याचं पाणी..."

"ठाव हाय बाई," म्हटलं. माझा थोरला सोमेश्वर कोपीतच गेला. सात महिन्यांचा होता.

मुकादमाला जोडी लागते, एक तोडणारा आन् एक मोळ्या बांधणारी, बहुतेक नवरा-बायकोच. तवा यंदा लेक रामेश्वरसंगं सुनेच्या जागी मी जाणार. सून शिवांजली दुर्वाला पाजत घरी राहील. उसाच्या फडात काय व्हईल सांगता येत न्हाई, म्हणून माझ्या माघारी:

१. दोन्ही खोल्या रामेश्वर आणि शिवांजली, दोघांच्या नावे.

२. तांब्याचा हंडा झाकणासकट शिवांजलीला. झाकण हंड्यावरच ऱ्हावं. पोरीला पाणी उकळूनच.

३. वाळे-करदोडा दुर्वाला. काट्यावर बसताना काढावेत.

४. शेळी दुर्वाचीच, पण दोघींनी एका ताटात खायचं न्हाई.

५. बिब्ब्याची डबी गंगासागरला. दुर्वाचं पोट दुखलं तर बिब्ब्यानं डागायला निघाली होती. आता सवताचं डागावं, जागा बक्कळ हाय.

६. कोयता कुणालाच न्हाई. तो मी घेऊन चालले.

रामेश्वर म्हणाला, "आये, मायलेकाची जोडी बघून लोक हसतील की."

"हसू दे. दुपारी त्यांच्या बायका मोळ्या बांधून दमल्या, की मी हसंन."

साक्षीदार: मंगल आणि मंजुषा. गंगासागरनं पाचवं कलम ऐकलं आणि सही न करताच उठली. चहा मात्र पिऊन गेली.

सही: रुक्मिणीबाई भगवानराव तांदळे
चकलांबा, १४ ऑक्टोबर २०२५

ता. क. गोवराच्या सुईसाठी दोघी १२ नोव्हेंबरला, बुधवारी, येतो म्हणाल्या. मी नसंन. पोर घरीच असंल.