नाचाच्या चटईवरची सोयरीक

मु. धामणगाव रेल्वे, सोमवार

तीर्थस्वरूप मोतीरामभाऊजी यायले खुशालरावचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत कशी हाय? आमच्या बहिणीचा, शालूबाईचा गुडघा काय म्हणते? तेल चोळून राहिली का नुसती बाटलीकडे पाहून राहिली? इकडे आमी सारे बरे. म्हणजे यंदा सोयाबीन झाडावरच शेंगेत उगवलं अन् कापसाची पऱ्हाटी लाल पडली, त्या मानानं बरे. फोन काहून केला नाही म्हणसान, तर फोनवर तुमी मधातच "हो हो, समजलं" म्हणता अन् समजत काहीच नाही. पत्रात कोणाले मधात तोंड घालता येत नाही, म्हणून लिहून राहिलो. बसून वाचा, उभ्यानं वाचू नका.

तर काल आमी अमरावतीले तुमी सांगतलेली पोरगी पाहून आलो. मी, आमची कौशल्या अन् नवरदेव गजेंद्र. तुमाले माहीतच हाय, पोट्टा एकतीसचा झाला. आठ घरं पाह्यली. आठही घरी चहा झाला, पोहे झाले अन् आठही बाप दारात उभे राहून "कळवतो" म्हणले. पोरगा शेती करते म्हणलं की पोरीच्या मायचा चेहरा असा होते, जसं का आमी तिच्या पोरीले जंगलात सोडून येणार हाओत. हे नववं घर. कौशल्याले मी सांगून ठेवलं होतं, दहाव्या घरी माहे पाय जाणार नाहीत. आता तुमी पुंजारामजीले, म्हणजे पोरीच्या बापाले, "पोरगा कापसाच्या जिनिंगमधे सुपरवायझर हाय" असं जे ठोकून दिलं, ते काही मले पटलं नोतं. पण तुमी मोठे, म्हणून मी चूप बसलो. (सुपरवायझरच्या पायात बूट-मोजे पाहिजेत म्हणून ते मात्र मीच घेऊन दिले. गजेंद्र मोजे घालून घरात असा चालत होता, जसं कोणी मांजरीच्या पायाले चिंध्या बांधल्या.)

पुंजारामजी माणूस सज्जन. गेल्या गेल्या पाय धुवाले पाणी दिलं. मी धुतले, गजेंद्रले मी डोळ्यानंच "मोजे काढू नको" म्हणलं. पोरीचं नाव रागिणी. नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात कापड तपासाचं काम करते. सोफा होता, पण माही कमर तुमाले माहीत हाय, सोफ्यात बसलो का मले दोघांनी उपसून काढा लागते. पाहतो तर टीव्हीपुढे एक जाड, लाल-निळी चटई हातरून ठेवली होती अन् तिच्यावर चार बाजूले चार बाण. म्हणलं वा, शहरातले लोकं पाव्हण्याचं आसनही दिशा पाहून टाकतेत! पूर्वेच्या बाणाकडे तोंड केलं अन् ओल्या पायानं मस्त मांडी ठोकली.

मी टेकलो अन् टीव्हीत बँड वाजला ना भाऊजी! रंगीबेरंगी कपड्यातल्या दोन पोरी नाचाले लागल्या. पुंजारामजीचा चेहरा पडला, त्यायच्या बायकोनं पदर तोंडात धरला. पण बसल्या पाव्हण्याले "उठा" कसं म्हणाव? तेही सोयरिकीले आलेल्या पोराच्या बापाले! म्हणून पुंजारामजीनं नुसता टीव्हीचा आवाज हळूच कमी केला. मी मांडी बदलली का टीव्हीतून शिट्ट्या, कमर सरळ केली का टाळ्या, अन् गुपचूप बसलो का हाय हाय. मले वाटे, टीव्हीच बिघडला असन, मोठ्या मनानं दुर्लक्ष कराव. पुंजारामजी गजेंद्रले इचारत, जिनिंगमधे किती वाजता जाता, हाताखाली माणसं किती? गजेंद्र माह्याकडे पाहे, मी चुळबुळ करो अन् तिकडे टाळ्या पडत. असा अर्धा घंटा गेला.

तेवढ्यात पोह्यांचा ट्रे घेऊन रागिणी आली. मले पाह्यलं, टीव्हीकडे पाह्यलं अन् जे हासत सुटली, ते ट्रे खाली ठेवा लागला. पोरगी दाखवाले आणली अन् पाव्हण्याच्या तोंडावर हासते! माहं टाळकंच सरकलं. म्हणलं काय झालं एवढं? ते म्हणे, "काका, हे नाचाची चटई हाय. बाणावर पाय पडला का तिकडे मार्क पडतेत. तुमी बसल्या बसल्या माह्या पहिल्या दिवसापेक्षा जास्त घेतले." टीव्हीखालचा तो खेळाचा डबा अन् ते चटई तिनं आपल्या पगारातून घेतली म्हणे. आठ घंटे उभं राहून कापड तपासलं का पाय दगड होतेत, घरी येऊन एक गाणं नाचलं का मोकळे होतेत. मी उठलो, टोपी घातली अन् म्हणलं, "गजेंद्र, चाल." अन् गजेंद्र, जो आठ घरायत आपल्या नावापल्याड एक शब्द बोलला नाही, तो पोट्टा म्हणते, "हे खेळाचं कसं?"

ते पोरगी म्हणे, मोजे काढा, घसरसान. मी खोकललो. कौशल्याही खोकलली. पण पोट्ट्यानं मोजे काढले अन् त्या पांढऱ्या फरशीवर त्याच्या टाचा दिसल्या. भेगाच भेगा, अन् भेगायत आपली काळी माती, जे कोणत्याच साबणानं निघत नाही. पोरीनं पाह्यलं. गाणं लावलं.

आता इथून पुढे मले नीट लिहिता येणार नाही, भाऊजी. टीव्हीत खालून बाण वर जात, त्याच क्षणी त्या बाणावर पाय पडला पाहिजे. पहिले पोट्टा खाली पाहे अन् चुके. रागिणी म्हणे, पायाकडे पाहू नका, पायायले आपलं आपलं समजते. मंग त्यानं मान वर केली. अन् बाप्पा बाप्पा! पुढे, मांगे, डावा, उजवा, पाय पडून राहिले पटापट, टीव्हीत टाळ्या थांबेनात, अन् ते येवढं धिप्पाड पोट्टं हासून राहिलं! लोकायच्या वरातीत हा मंडपाच्या दोऱ्या सोडत राहे, नाचात कधी आला नाही. एकतीस वर्षं एका घरात राहून मले माहीतच नोतं का माहं पोरगं असं हासते. माहे हात आपोआप जोडल्या गेले. त्या डब्याले जोडले का कोणाले, मले समजलं नाही. कौशल्या तर सरळ रडून राहिली होती.

गाणं संपलं. रागिणीनं इचारलं, पहिल्याच डावात खाली न पाहता पाय बरोबर कसे पडले? अन् दम लागलेलं पोट्टं बोलून गेलं, "वावरात तण काढाले डवऱ्यामागं चालतो ना. बैल पुढं, दोन्ही बाजूले कोवळं पीक, मधात एका पायापुरती जागा. नजर बैलावर ठेवा लागते, पाय आपलाच आपला मधात पडते. एक रोप तुडवलं तरी बाबा ओरडतेत." पुंजारामजी म्हणे, "अन् जिनिंग?" पोट्टा म्हणे, "तथी मी कापूस इकाले जातो. वर्षातून एकदा."

मी टोपी काढली, परत घातली. ते पोरगी म्हणे, "मले टाचा पाहूनच समजलं होतं. सरका आता, माही पाळी." अन् चढली ना चटईवर! सांगू का, आपल्या कौंडण्यपूरच्या जत्रेत मी मोठमोठे नाचणारे पाह्यले, पण दिवसभर उभ्या राह्यलेल्या पायायची असी मौज नाही पाह्यली. तिचे मार्क गजेंद्रच्या दुप्पट. त्यानं सगळ्यायच्या पहिले टाळी वाजवली.

निघताना पुंजारामजी दारात उभे राहून म्हणले, "कळवतो." येताना बसमधे गजेंद्रचा पाय पूर्ण रस्ताभर शिटाखाली वाजत होता. मी त्याले थांबवलं नाही.

शालूबाईले आशीर्वाद, तुमाले पुन्यांदा नमस्कार. थंडीत कान बांधत जा.

आपला,
खुशालराव

ता. क. – ज्यासाठी पत्र लिहिलं तेच राहिलं. पुंजारामजीले एक फोन करा अन् सांगा का ते जिनिंगची गोष्ट तुमची होती, आमच्या घरच्या लोकायचा तिच्यात काही संबंध नाही. तुमचं वय झालं, तुमाले कोणी काही म्हणणार नाही.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. आत्ताच पुंजारामजीचा फोन आला. पोरगी हो म्हणते. शेतकऱ्याले हो म्हणते, भाऊजी! नोकरी सोडणार नाही म्हणते, अन् गजेंद्र म्हणते सोडूच नको. बाप फक्त एकच म्हणते, खोटं कोणी बोललं ते समोर येऊन सांगा, मंग कुंकू लावू. वरचं लिहिलेलं खोडत नाही. पण तुमी त्या दिवशी "असं खोटं सांगू नका खुशालराव" म्हणत होते अन् मी तुमच्या पायावर हात ठेवून तुमाले ते सांगाले लावलं, हे तुमाले अन् मलेच माहीत हाय. माहं पोरगं वावरात राबते हे सांगाची मले, त्याच्या बापाले, लाज वाटली. तुमी फोन करू नका. रविवारी मीच जाऊन सांगतो, गजेंद्रच्या देखत. तुमी फक्त अकोल्याहून सकाळच्या गाडीनं अमरावतीले या अन् माह्या बाजूले बसा. एकट्यानं माह्या तोंडून निघणार नाही.