रविवारसाठी दोन बॅरल

प्रिय सरिता,

दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला तिच्या जावेने चक्क हाताने लिहिलेलं पत्र काउंटरवर ठेवून जावं, याचं तुला आधी हसूच येईल. हस बाई. उद्या रामदासपेठेत यायचंच आहे, तेव्हा तू जेवायला गेलेली असताना ठेवून जाईन. तुझ्या तोंडाकडे बघून हे बोलणं मला जमणार नाही. फोनवर बोलावं तर हे हल्ली सारखे माझ्या आसपास असतात. मेसेज करावा तर तुझा फोन रजतभाऊजी उचलून वाचतात, तुमच्यात काही चोरी नाही म्हणून मला तुमचं कौतुकच वाटतं. पण या वेळी नको. वाच, आणि इतक्यात कुणाला दाखवू नकोस.

तू परवा मेसेजमध्ये विचारलं होतंस, ताई, शेवटी कोणता बॅरल घेतला, उभा की आडवा? रजतलाही एक घ्यायचाय. मी नुसता अंगठा पाठवला. तुला वाटलं असेल, ही भैरवीताई एरवी साध्या प्रश्नाला अर्धा तास बोलते, आज हिला झालं तरी काय! तर आता बैस आणि ऐक, सगळं सविस्तर सांगते.

रविवारी तुम्ही येणार, याचा मला किती आनंद झाला होता ते तुला कसं सांगू. दोन भाऊ एका गावात राहतात, मनीषनगर ते तुमचं घर म्हणजे काय लंकेला जायचंय का, आणि वडील, आपले मामाजी, गेल्यापासून एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. दिवाळी गेली, दुसरी गेली, उन्नतीचा वाढदिवस गेला. आम्हाला लेकरू नाही. ती पोर या घरात धावायची तेव्हाच हे घर घर वाटायचं, आणि तिला मी दोन वर्षं तुमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर भेटते आहे, चोरासारखी. म्हणून हे स्वतःहून म्हणाले, "रजतले बोलाव. बार्बेक्यू करू मागच्या आंगणात," तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. खरंच ठेवली गं.

मग सुरू झालं बॅरलपुराण. तुझ्या जेठांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. साधा स्क्रू घ्यायचा तर तीन दुकानं पालथी घालतील. रात्रंदिवस मोबाइलवर व्हिडिओ. उभा बॅरल म्हणजे ड्रम असतो तसाच ठेवायचा, तळाला जाळीच्या टोपलीत लाकडी कोळसा, वर आडव्या सळया, त्यांना आकडे लावून कोंबडी नाहीतर बकऱ्याची रान टांगायची आणि झाकण घालून मोकळं व्हायचं. चरबी थेंब थेंब निखाऱ्यावर पडते, त्याचाच धूर मांसाला लागतो, फार लक्ष द्यावं लागत नाही. आडवा म्हणजे ड्रम लांबीत कापून वरच्या अर्ध्याला बिजागऱ्या, एका बाजूला विस्तव, दुसऱ्या बाजूला जाळी, आणि धुराडं. त्याच्याशी मात्र दिवसभर खेळत बसावं लागतं, पण वांगी, कणसं, पनीर, सगळं आरामात मावतं. पत्रा जाड हवा, नाहीतर डिसेंबरच्या थंडीत ताव टिकत नाही. कोळसा चांगला बाभळीचा हवा. सावनेरच्या खाणीत नोकरी केलेल्या बापाचा मुलगा दगडी कोळशावर अन्न भाजणार नाही, हे वेगळं सांगायला नको. बघ, मला सगळं पाठ झालंय. रजतभाऊजींना घ्यायचाच असेल तर आडवा घ्या म्हणावं, नवा कोरा, दुकानातला. कोणी कितीही स्वस्तात दिला तरी जुन्या ड्रमचा घेऊ नका.

आम्ही दोन्ही घेतले. म्हणजे आडवा हे दुकानातून घेऊन आले आणि उभा घरीच केला. दोन काहून, असं तू विचारणार नाहीस, तुला माहीत आहे. माझं माहेर महानुभाव. लग्न झाल्यापासून या घरात मांसाचं भांडं माझ्या स्वयंपाकघरात आलं नाही, मामाजींनीच तो नियम केला होता. "सूनबाईच्या चुलीले विटाळ नको," म्हणायचे आणि स्वतःची शेगडी, स्वतःचं पातेलं, स्वतःचा पळा घेऊन मागे बसायचे. त्यांच्या मटणाचा मसाला गल्लीच्या टोकापर्यंत ठसका लावायचा. तीच रीत पुढे चालली. मामाजी गेल्यापासून यांनीही मांस-मटण सोडलं, तेही तू जाणतेस. मीच म्हटलं होतं, जाळी वेगळी ठेवा बरं, माझ्या वांग्याला चरबी लागली तर मी उपाशी उठेन. तर हे म्हणाले, "जाळी कायले वं, बॅरलच वेगळा करतो." मला केवढं बरं वाटलं! आडवा आमचा, उभा तुमचा. वांगी काय आकड्याला टांगणार, असं म्हणून मी हसलेसुद्धा.

म्हणजे रविवारी उभ्या बॅरलमधलं खाणारे तुम्ही तिघंच. हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायचं कारणच नव्हतं.

आडव्यावर यांनी कितीदा तरी करून पाहिलं. आधी कणसं, मग पनीर, मग रताळी, एकदा तर संत्र्याच्या वाळलेल्या फांद्या घालून धुराचा वास कसा येतो तेही पाहिलं. मी चाखून चाखून कंटाळले. आणि उभ्यावर? एकदाही नाही. मी म्हटलं, अहो, एखादी कोंबडी टांगून बघा, शेजारच्यांना देऊ, ऐन वेळी कच्ची राहिली तर भाऊजी चिडवतील. तर म्हणाले, "गरज नाही." गरज नाही! पापड भाजायच्या आधी तवा तपासणारा माणूस हा!

नुसता विस्तव करून त्यांनी तो ड्रम आतून जाळून घेतला, तो दिवस मला आठवतो. ड्रम इतवारीतून आणलाय, गोडेतेलाचा आहे, असं मला सांगितलं होतं. मी आत कणीक मळत होते आणि लसणाचा वास आला. मी गॅसकडे पाहिलं, काहीच चढवलेलं नव्हतं. फोडणीच्या लसणाचा वास नव्हता तो, घसा धरणारा होता. मागे जाऊन पाहते तर हे वाऱ्याच्या उलट्या बाजूला, नाकातोंडाला दुपट्टा बांधून उभे. मला पाहताच ओरडले, "आत जा तू! दार लाव!" तेल जळताना असा वास येतो का गं? आणि आधी ड्रम त्यांनी कढीपत्त्याच्या झाडाखाली धुतला होता, सगळं पाणी तिथेच मुरलं. सासूबाईंच्या हातचं ते झाड, उन्हाळ्यातही हिरवं राहायचं. ते आता उभं वाळलंय. मी विचारलं तर म्हणाले, थंडीने.

हे कुठे काम करतात ते तुला माहीत आहेच, एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात, कपाशीवर फवारायच्या औषधाच्या. लग्न नवीन होतं तेव्हा मी कुणाकडून तरी तसला एक रिकामा ड्रम पाणी भरायला घेतला होता. यांनी आल्या आल्या तो रस्त्यावर फेकला आणि मला एवढं बोलले, एवढं बोलले की मी रडले. मग शांत झाल्यावर समजावून सांगितलं. औषधाचा ड्रम कितीही धुवा, जाळा, पत्र्यात मुरलेलं जात नाही, उलट तापला की धुरात उतरतं. म्हणून भंगारात देण्याआधी कारखान्यातली माणसं त्याला बुडाशी अणकुचीदार लोखंडी सब्बलने भोकं पाडतात, म्हणजे कोणी गरीब त्यात पाणी किंवा धान्य भरू नये. तसली भोकं दिसली की त्या ड्रमला हात लावायचा नाही, असं मला बजावून सांगितलं होतं. किती अभिमान वाटला होता मला तेव्हा, की माझा नवरा लोकांच्या जिवाची एवढी काळजी घेतो.

उभ्या बॅरलला बुडाशी हवेसाठी भोकं लागतातच. ड्रिलने पाडली तर ती गोल, गुळगुळीत होतात. परवा मी आंगण झाडत होते. बॅरलला बाहेरून नवा काळा रंग आहे, छान दिसतो. मी खाली वाकले. भोकं गोल नव्हती गं, सरिता. फाटलेली, कडा आत वळलेल्या. सब्बलने ठोसून पाडलेली.

मी त्यांना विचारलं नाही. घाबरले, हेच खरं. मनाची समजूत घातली, चुकून आला असेल, भंगारवाल्याने फसवलं असेल. पण जो माणूस ड्रम नुसता वाजवून सांगतो आत काय होतं, त्याला भंगारवाला काय फसवणार! तरी मी उपाय केले. म्हटलं, मटण बाहेरून आणू, सावजीकडून, भाऊजींना तर्री आवडते. तर म्हणाले, "नाही. रजतले माह्या हातचं खाऊ घालाचं हाय." मग मी काल कबाडीवाल्याला हाक मारली आणि बॅरल उचलून दिला. संध्याकाळी हे आले, रिकामी जागा पाहिली, तसेच बाहेर गेले आणि ऑटोत घालून बॅरल परत घेऊन आले. जागेवर ठेवला, पुसला. म्हणाले, "याले पुन्हा हात लावू नको." ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तुला वाटेल, दोन वर्षांत सगळं निवळलं. मलाही वाटलं होतं. पण रोज सकाळी मामाजींच्या फोटोपुढे उभे राहतात आणि तेच बोलतात, कधी मोठ्याने, कधी पुटपुटत. "मी रस्त्यात होतो. मी येऊन राहिलो होतो ना. त्यानं श्वासाची मशीन काढाले सही केली, माही वाट नाही पाहिली." रजतभाऊजींनी डॉक्टरांचं ऐकून सही केली, मामाजींचे हाल पाहवत नव्हते म्हणून केली, हे मी शंभरदा सांगून पाहिलं. हे ऐकतात. मान हलवतात. आणि मग विचारतात, "रविवारी येऊन राहिला ना तो नक्की?" आजकाल माझ्याशी फार गोड वागतात. मला साडी आणली. भाजी निवडू लागतात.

आज सकाळपर्यंत मी ठरवलं होतं की तुला काही कळवायचं नाही. पुरावा काय माझ्याकडे? एका वासावरून आणि चार भोकांवरून मी माझ्या नवऱ्याबद्दल असं कसं मनात आणू? वीस वर्षं ज्याच्या ताटातलं उष्टं खाल्लं त्याच्याबद्दल? मीच वेडी झाले असेन, असं म्हणून मी चहा टाकला. हे ओट्यापाशी आकडे घासत होते. मी अगदी सहज, सहजच म्हटलं, उन्नतीला तंगडी आवडते, तिच्यासाठी दोन जास्त टांगा. हे घासायचे थांबले. म्हणाले, "उन्नतीचं त्याच्यात नको. तिचं आपल्या बॅरलमध्ये भाजू." मी म्हटलं, अहो, आपल्यात? मांस? माझ्या जाळीवर? ज्या माणसाने माझ्या जाळीला चरबी लागू नये म्हणून दुसरा बॅरल केला, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लेकरू हाय ते. एक दिवस चालवून घे." सरिता, रविवारी येऊ नका. उन्नतीला ताप आलाय म्हण, तुझी आई पडली म्हण, काय वाट्टेल ते सांग, आणि भाऊजी हट्टाने एकटे निघाले तर त्यांना हे पत्र दाखव आणि दाराला कडी घाल. पोलिसात जायचं की आधी यांना कोण्या डॉक्टरकडे न्यायचं, ते आपण दोघी मिळून ठरवू. मी घरीच आहे, मला काही होणार नाही, माझी वांगी वेगळ्या बॅरलमध्ये आहेत.

तुझीच,
भैरवी