निवटी कुठल्या दोरीला?

बाई, तुम्ही मला एकदाच मारलंत, आणि त्या एका वेळी चूक माझी नव्हती. हे तुम्हालाही आठवडाभरात कळलं होतं, म्हणून ही तक्रार नाही. काल नातीच्या शाळेतून एक कागद आला. वर प्राण्यांची चित्रं आणि खाली तीन चौकटी, पाण्यात राहणारे, जमिनीवर राहणारे, हवेत उडणारे. ती कात्री आणि डिंक घेऊन बसली. मी तिच्या शेजारी बसून राहिले आणि मला तुमच्या तीन सुतळ्या दिसायला लागल्या.

स्वातंत्र्य येऊन पाचसहा वर्षं झाली असतील. खाडीच्या कळव्याकडच्या काठावर आमचं गाव, आणि शाळा म्हणजे मारुतीच्या देवळामागची एक कौलारू खोली. तुम्ही ठाण्याहून पूल ओलांडून चालत यायचात. पाचवारी नेसणारी बाई आम्ही तोवर पाहिली नव्हती. तुमच्या पिशवीत पुठ्ठ्याचे तुकडे असायचे, आणि प्रत्येकावर खळीनं चिकटवलेलं एक चित्र. काड्यापेटीवरचा घोडा, जुन्या कॅलेंडरातला मोर, कापडाच्या ताग्यावर लावतात त्या रंगीत तिकिटांवरचे हत्ती आणि वाघ. तुमचे भाऊ कापडाच्या दुकानात होते, ते तुमच्यासाठी तिकिटं जपून ठेवायचे, असं तुम्हीच सांगितलं होतंत. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन सुतळ्या बांधलेल्या, आणि बांबूच्या चिरलेल्या काड्यांचे चिमटे. एकेकानं उठायचं, चित्र बघायचं, आणि तो जीव जिथं राहतो त्या सुतळीला लावायचं. मला पहिल्यांदा वाघ आला. मी तो धरून इतका वेळ उभी राहिले की मागची पोरं ओरडायला लागली. वाघ कुठं राहतो हे मला ठाऊक होतं, पण तो एवढा पिवळा असतो हे नव्हतं.

मग एक दिवस तुम्ही म्हणालात, "तुमच्या खाडीतले प्राणी माझ्या पिशवीत नाहीत. तुम्हीच काढा." आम्ही पाटीवर काढायचं आणि चांगलं जमलेलं तुम्ही पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचं, असं ठरलं. चिंबोरी झाली, कोळंबी झाली, बगळा झाला. मी निवटी काढली. तुम्ही ती सुरेख उतरवलीत आणि पुठ्ठा माझ्या हातात दिलात. मी सुतळ्यांपाशी गेले आणि थांबले.

"मासा आहे ना? मग पाण्याच्या सुतळीला लाव की."

"बाय, ती चिखलान चालते," मी म्हटलं. "झाराव पन चरते."

"चरते? मासा गवत खातो?"

सगळा वर्ग हसला. आमच्याकडे झाडाचं झार होतं आणि चढण्याचं चरणं, हे तुम्हाला अजून सवयीचं नव्हतं. मी हातानं झाडावर चढून दाखवलं, तशी पोरं आणखी हसली. हसत होती ती तुम्हाला, पण तुम्हाला वाटलं की मी थापा मारून वर्ग हसवतेय. "मासा झाडावर चढतो? हात पुढे कर." पट्टी फार लागली नाही. पण मी खरं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. वडील मिठागरावर होते, त्यांना मीठ ओढायला हात हवेच होते. "लिवनं वाचनं लय झालं," ते म्हणाले. चार दिवस गेले, पाच गेले. माझ्यापुरती शाळा तिथंच संपली होती, बाई. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणींची अशीच संपली होती, कुणाला कळलंही नव्हतं.

रविवारी दुपारी बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. पांढरं पातळ, हातात चपला. वडील मीठ ओढायची फळी टाकून पुढे झाले. "बाय, हितं कशाला आल्या? चिखल हाय."

तुम्ही म्हणालात, "तुमच्या मुलीनं मला एक गोष्ट सांगितली आणि मी तिला मारलं. मारायला हवं होतं की नको, ते बघायला आले."

 वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खाडीकडे दाखवलं. सुकती लागली होती. पाणी मागे हटून लांबवर नुसता चिखल चमकत होता. तुम्ही पातळ गुडघ्यापर्यंत खोचलंत, आणि तिवराच्या झाडांच्या कडेला आपण दोघी बसलो. मी म्हटलं, हलू नका. तुम्ही हलला नाहीत. मास्तरीण माझं ऐकत होती.

अजूनही ते मला दिसतं. आधी नुसती भोकं. मग एका भोकातून दोन डोळे वर येतात, डोक्याच्याही वर, जणू कुणी वेगळे आणून ठेवलेत. मग निवटी बाहेर येते, पुढचे दोन पर हातांसारखे टेकते आणि चालते. थांबते, एक डोळा आत ओढून घेते, पुन्हा बाहेर काढते. "ती डोले गिलते," मी कुजबुजले. तुम्ही तोंडावर हात धरलात. तिनं पाठीवरचा पंखा उघडला, निळे ठिपके उन्हात लखलखले. आणि मग आणखी एक, लहानशी, तिवराच्या मुळावर सरकत सरकत चढली आणि वर जाऊन बसली, आपल्याला बघत.

  मी वळून पाहिलं तर तुमचे डोळे भरले होते. "अगं," तुम्ही म्हणालात, "हिला कुठल्या दोरीला लावायचं?" तुम्ही मला परीक्षेसारखं विचारलं नव्हतंत. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि मला माहीत असेल असं तुम्हाला वाटलं होतं. आठ वर्षांच्या मला कुणी मोठ्या माणसानं तसं कधी विचारलं नव्हतं, आणि पुढेही फार कमी जणांनी विचारलं. मी म्हटलं, "म्हाईत नाय." तुम्ही म्हणालात, "मलाही नाही." परत जाताना बांधावर तुम्ही मला देवमाशाची गोष्ट सांगितलीत, की तो दिसतो मासा, पण पिलाला अंगावर पाजतो. माझा विश्वास बसला नाही. पण तुम्हाला मारायला माझ्याकडे पट्टी नव्हती.

सोमवारी मी वर्गात होते. वडिलांनी स्वतः सोडलं. तुम्ही उभं राहून म्हणालात, "मी चुकले. हिचं खरं होतं." मग तुम्ही सगळी चित्रं खाली काढायला लावलीत. "राहण्याची जागा विचारून आपण फसलो. आता दुसरं काहीतरी विचारू या. अंडी घालणारे कोण, आणि पिलांना दूध पाजणारे कोण?" आणि बाई, तेच पुठ्ठे, त्याच सुतळ्या, पण सगळं जग उठून दुसरीकडे जाऊन बसलं! कासव आणि कावळा एका दोरीला. वाघूळ उडून गाईशेजारी. देवमासा हत्तीच्या पलीकडे. शेवटी तुम्ही एक चित्र माझ्या हातात दिलंत, दुधाच्या डब्यावरचं गुटगुटीत बाळ. "हे कुठं?" मी उभी राहिले. कुणी हसलं नाही. मी ते वाघूळ आणि गाय यांच्या मधे लावलं. त्या संध्याकाळी मी गोठ्यात गेले आणि आमच्या गाईकडे बघत बसले. तिचं वासरू पीत होतं. घरात आई धाकट्याला पाजत होती. मी आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. आई म्हणाली, "काय झालं गं तुला?" 

मग डेप्युटी साहेब तपासणीला आले. तेव्हा चित्रं पुन्हा राहण्याच्या जागेप्रमाणे लावलेली होती, आणि निवटीला तुम्ही पाणी आणि जमीन यांच्या मधे एक वेगळी, आखूड सुतळी बांधली होतीत. त्यांनी विचारलं, "हे काय? हे पुस्तकात कुठे आहे?"  तुम्ही म्हणालात, "पुस्तकात नाही साहेब, खाडीत आहे. आज सुकती चार वाजता आहे. चलता?" साहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि शेरेबुकात काहीतरी लिहिलं. उन्हाळ्यात तुमची बदली झाली, कल्याणच्या पलीकडे. त्या शेऱ्यानं झाली की नुसती पाळी आली म्हणून, ते मला कधीच कळलं नाही. पण वडिलांनी मला पुन्हा मिठागरावर ओढलं नाही. मी सातवी पास झाले, मग मास्तरीणच झाले. डोंबिवलीच्या एका शिबिरात तुमच्या शाळेतली कुणी भेटली आणि तुम्ही गेल्याचं कळलं, तेव्हा तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हणून या पाकिटावर पत्ता नाही. ते कपाटातच राहणार.

एक गोष्ट राहिली. बदलीच्या आधी तुम्ही आमच्या घरी निरोप घ्यायला आलात. आईनं पाट दिला, गुळाचा चहा दिला आणि चुलीवरच्या टोपावर घाईनं झाकण सरकवलं. तुमच्या घरी मासे सोडा, चातुर्मासात कांदाही चालत नसे. चहा पिता पिता तुम्ही मला विचारलंत, "त्या निवट्यांना इथं कुणी धरत तर नाही ना गं?" आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नाय बाय." तुमचा चेहरा उजळला.

बाई, टोपात निवट्यांचंच कालवण होतं. सकाळी मीच बिळात हात घालून धरून आणल्या होत्या. तुम्ही बांधावरून दिसेनाशा झालात, तसं मला रडू फुटलं. रडत रडतच मी जेवायला बसले, आणि दोनदा वाढून घेतलं.