तेलकट हातांनी गेलेल्या सोन्याची व्यवस्था

मी, नीलिमा दीनानाथ मालशे, वय सदुसष्ट, राहणार वेरिबी, मेलबर्न, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि आपखुशीने, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकतील असे एकमेव गृहस्थ, म्हणजे माझे पती दीनानाथ, लॉकडाउन लागल्यापासून सोफ्यावर बसून टीव्हीवर रुग्णांचे आकडे ऐकत आहेत.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. कोविडमुळे हॉस्पिटलात भेटायला कोणाला सोडत नाहीत. दीनानाथ मला दारात सोडतील आणि परत फिरतील. मला भीती वाटते, हे मी लिहून ठेवते. तोंडाने सांगणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. भांडणात दिलेल्या धमक्या रद्द समजाव्यात.

कलम पहिले. घर आणि बँकेतले पैसे दीनानाथ यांना, त्यांच्यामागे सिडनीत पॅरामॅटाला राहणारा आमचा मुलगा मिहिर याला. खरी वाटणी पुढेच आहे.

कलम दुसरे, सोने शोधण्याच्या सामानाबाबत. मेटल डिटेक्टर मिहिरला द्यावा. तो दीनानाथ यांनी ओढ्यात सोने शोधायचा छंद लागला त्याच्या पहिल्याच दिवशी, दुकानदाराने "मेट, यू वोन्ट रिग्रेट इट" म्हटल्यावर घेतला. आजवर त्याने बिअरची झाकणे आणि गंजके खिळे शोधून दिले. नवशिक्याने आधी माती धुवायचा पसरट पॅन, चाळण आणि हातात मावेल असे खुरपे घ्यावे, हे मी तेव्हाही म्हटले होते.

हिरवा प्लॅस्टिकचा पॅन, चाळण आणि दगडांच्या फटी खरवडायचा माझा जुना कालथा दीनानाथ यांना. पॅन हिरवाच का, तर गडद रंगावर पिवळा कण लगेच दिसतो. शिवाय तो गंजत नाही. वापरण्याची रीत: चाळणीने मोठे खडे काढावेत, उरलेली माती पॅनमध्ये घ्यावी, आणि पॅन पाण्याखाली धरून आधी नीट हलवावा, म्हणजे जड ते तळाशी बसते. मग तांदूळ रोळतो तसे रोळत वरची वाळू हळूहळू जाऊ द्यावी. दीनानाथ यांनी आयुष्यात तांदूळ रोळलेले नाहीत. ते इंजिनिअर आहेत.

कलम तिसरे, जुना हिशेब. गेल्या वर्षी मेलबर्नबाहेर जायची बंदी उठली आणि पाठोपाठ दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे यांनी अभ्यंगाला दुप्पट तेल चोळून घेतले, उटणे जेमतेम लावले आणि तसेच सोन्याच्या जुन्या खाणींच्या बॅलरॅट गावाअलीकडच्या ओढ्यावर निघाले. मी म्हटले, "अहो, हात साबणाने धुवा." हे म्हणाले, "सणाचं तेल आहे, नीलिमा. धुवून कशाला टाकायचं?" मग पॅनच्या तळाशी पिवळे कण दिसले. आम्ही दोघे ओरडलो. आणि आमच्या डोळ्यांदेखत ते कण तेलाच्या तवंगावर चढले, तरंगले आणि पॅनच्या काठावरून ऐटीत निघून गेले. बारीक सोने तेलाला चिकटून तरंगते, ही माहिती आम्हाला त्याच दिवशी संध्याकाळी यूट्यूबवर मिळाली.

यांनी मात्र इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, "नीलिमाने पाठीला तेल जास्त लावलं." पाठीने पॅन धरता येत नाही, हे मी साक्षीदारांसमोर नोंदवते. मिहिर फोनवर म्हणाला, "आई, नो वरीज, इट्स जस्ट सँड." तेही मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून दीनानाथ यांनी पॅनला हात लावलेला नाही. सोने गेले त्याचे मला काही नाही. हा माणूस घराबाहेर पडेना झाला, त्याचे आहे.

कलम चौथे. मसाल्याच्या कपाटात जायफळाशेजारी पाणी भरलेली एक छोटी बाटली आहे. तिच्यातले पिवळे कण त्याच ओढ्यातले आहेत. लॉकडाउनच्या मधल्या सवलतीत हे घरी झोपा काढत असताना मी एकटी जाऊन, साबणाने हात धुऊन, पाण्याच्या धारेखालच्या एका जागेतून ते काढले. तिथे अजून पुष्कळ आहे. बाटली दीनानाथ यांना.

शेजारच्या मंजिरीला भांडी धुवायच्या साबणाची नवी बाटली ठेवणार होते, पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. तिने दोनदा विचारून खात्री केली.

कलम पाचवे आणि शेवटचे. ओढ्यातली ती जागा मी कोणालाही देत नाही. तिचा नकाशा नाही, फोटो नाही, खूण नाही. ती मी चालत जाऊनच दाखवू शकते. ज्याला ती हवी असेल त्याने मला हॉस्पिटलातून घरी आणावे, बरी होईपर्यंत भात लावावा आणि त्यासाठी तांदूळ रोज रोळावेत.

वरील मजकूर मी वाचला असून तो माझाच आहे.

नीलिमा दीनानाथ मालशे (सही)

साक्षीदार, कुंपणापलीकडून, मास्क लावून, आमच्या देखत सही झाली असे सांगणारे:
१. मंजिरी विलास केतकर (सही)
२. विलास केतकर (सही)

वेरिबी, दि. १६ ऑगस्ट २०२१

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)
मृत्युपत्रावर दुसऱ्याने लिहू नये हे मला माहीत आहे. टीव्ही बंद केला. हात साबणाने धुतले. आज तांदूळ रोळले, निम्मे सिंकमध्ये गेले. गुरुवारी तुला दारात सोडतो. पॅन गाडीत ठेवला आहे, तो काढणार नाही. जागा दाखवायला ये. — दीनानाथ