चार जेवणं

आई, काल तुझ्यावरून पुन्हा हसायची वेळ आली होती आणि मला हसू फुटलं नाही. असं पहिल्यांदाच झालं, म्हणून आज दुपारी अंगणवाडी सुटल्यावर वही घेऊन बसले आहे. नात शेजारी पालथी पडून धानाची लोंबी रंगवते आहे आणि मधूनमधून माझ्याकडे चोरून बघते आहे. कालपासून आमची बोलचाल जरा बेताचीच आहे.

तुला कल्पना नसेल, पण करडी गावाकडच्या या खेड्यात तू फार प्रसिद्ध बाई आहेस. मी इथे अंगणवाडीत सेविका झाले तेव्हापासून तुझी गोष्ट दरवर्षी एकदा तरी सांगते. पोरांच्या पोटाची साथ आली की सांगते. एकाला उलटी झाली की तिसऱ्या दिवशी अर्धी सतरंजी रिकामी, हे ठरलेलं. मग मी आयांची बैठक घेते. उलटी-हगवण थांबली म्हणून पोराला लगेच पाठवू नका, थांबल्यावरही पुरते दोन दिवस घरी ठेवा, मीठ-साखरेचं पाणी द्या, साबणाने हात धुवा. पोरगं उड्या मारायला लागलं तरी आजार त्याच्या हातावर बसून दुसऱ्याच्या ताटात जातो, असं सगळं सांगते. बायका मन लावून ऐकतात, माना हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोराला तेल-पावडर लावून माझ्या दारात आणून उभं करतात. "काल थांबलं ना बाई. काल एक आन् आज दोन. झाले ना दोन दिवस!" आपल्याकडे दोन दिवस असेच मोजतात. घड्याळ दाखवून उपयोग नाही. शेवटी मी आपल्या मोहाडीच्या बालवाडीच्या बाईंचा जुना नियम काढला: चार जेवणं, मधात दोन झोपा, आणि पाचवं जेवण माझ्याकडे. हा नियम मात्र सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला आहे. तो बसला तुझ्या गोष्टीमुळे.

ती गोष्ट तुला काय सांगायची, पण मी कशी सांगते ते तरी ऐक. मला पाच सरून सहावं लागलं होतं. बालवाडीत गॅदरिंग होतं आणि आम्ही कोळ्यांचा नाच करणार होतो. समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता, आमच्या बाईंनीही नव्हता. गावच्या तलावाएवढंच काहीतरी असेल अशी माझी समजूत. तू बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा हळदीत रंगवून मला कोळिणीसारखा कासोटा शिवला होतास, आणि मी तो आठ दिवस आधीपासून घालून गल्लीभर मिरवत होते. गॅदरिंगच्या आदल्या दिवशीच माझं पोट बिघडलं. दुपारपर्यंत सगळं थांबलं आणि मी चिमणीसारखी टुणटुणीत झाले. तशीच पिशवी घेऊन बालवाडीकडे पळाले, कारण शेवटची तालीम होती. बाईंनी मला उंबऱ्यावरच अडवलं. आत येऊ दिलं नाही. "आईले सांग, चार जेवणं होऊ दे, मंग ये," असा निरोप घेऊन मी परत आले.

तू मागाच्या खोलीत धाग्याच्या कांड्या भरत बसली होतीस. बाबांचा माग खटखटत होता आणि तुला मान वर करायला फुरसत नव्हती. "काय सांगतलं वो बाईनं?" तू विचारलंस. मी सांगितलं, चार जेवणं झाली की ये. तू थोडा वेळ चाक थांबवून विचार केलास, आणि मग हसलीस. "एवढंच ना? उद्या सांजेपर्यंत चार काय, पाच करू." दुसऱ्या दिवशी पहाटे तू मला उठवून पेज पाजलीस. नऊ वाजता मऊ भात, मीठ आणि तुपाचा थेंब. दुपारी मुगाची खिचडी. तीनच्या सुमाराला दहीभात. प्रत्येक वेळी वाटी रिकामी झाली की तू कोळशाने भिंतीवर रेघ ओढत होतीस. चौथी रेघ ओढल्यावर मला कासोटा नेसवलास, केसांत झेंडू खोवलास आणि माझी अलाबला घेतलीस. मी चालताना पोटात गडगड वाजत होतं, पण ते तुला सांगण्याइतकी मी वेडी नव्हते. बाई पाहुण्यांच्या सरबराईत होत्या, म्हणून मी नाचाच्या रांगेत घुसले ते त्यांना दिसलं नाही.

पुढचं सांगायला लागले की बैठकीतल्या बायका पदर तोंडाला लावतात. होडी वल्हवायचं कडवं आलं, आम्ही पुढे-मागे डुलायला लागलो, आणि तिसऱ्या डुलण्याला चारही जेवणं उलट्या क्रमाने बाहेर आली. मला धरायला बाई धावल्या. त्यांच्या अंगावर त्या दिवशी नवी कोसा रेशमाची साडी होती, आणि ती विणलेली होती आपल्याच मागावर. पाहुणे मंडळी खुर्च्या मागे सरकवत होती. बाईंनी मला कडेवर घेतलं, साडीकडे पाहिलं आणि तुझ्यावर कडाडल्या, "काय वो, पोरगी हाये का पोतं हाये? दिसभर भरत होत्या का तिले?" तू म्हणालीस, "तुम्हीच तं सांगतलं ना बाई, चार जेवणं झाले का पाठव. मोजून चारली मी." बाईंनी विचारलं, "एका दिवसात?" तेव्हा तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मग पदर सावरून म्हणालीस, "माह्याच डोक्यात उलटं घुसलं बाई. अडाणी बाईमाणूस मी." सगळा मांडव हसला. हसता हसता बाईही हसल्या, आणि पुढच्या वर्षीपासून त्यांच्या नियमात 'मधात दोन झोपा' वाढलं. घरी बाबांनी साडीबद्दल ऐकलं तेव्हा म्हणाले, "आपल्या हातचा माल हाये, धुतला का झालं." आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. पुढे कितीतरी वर्षं कोष्टी मोहल्ल्यात तुला 'चार जेवणंवाली' म्हणायचे. लग्नकार्यात पंगत बसली की कोणीतरी म्हणायचंच, "हिले वाढाले नको ठेवू रे, एका दिसात चार पंगती उठवन!" तू स्वतः त्यात मीठमसाला घालून सांगायचीस. सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे.

आता कालचं. यंदाही साथ आली, आणि नेमकी अंगणवाडीच्या कार्यक्रमाच्या आठवड्यात. बाकीची पोरं तीन-चार दिवस आधी आजारी पडून बरी झाली, पण सात पोरं नियमात बसत नव्हती. मी घरोघर जाऊन सांगून आले, कार्यक्रमाला आणू नका. दोन आया माझ्याशी भांडल्या. एकीने तर तोंडावर सांगितलं, "तुमच्या नातीले असं झालं असतं तं पायलं असतं बाई!" बोलली आणि गुरुवारी पहाटे माझ्या नातीलाच झालं. चार वर्षांची पोर, धानाची लोंबी होणार होती. तिच्या आईने, म्हणजे सानगडीहून आलेल्या माझ्या सुनेने, तिचा झगा खऱ्या लोंब्या टाचून सजवला होता. सकाळी नऊनंतर तिला काही झालं नाही. कार्यक्रम शुक्रवारी दुपारी. हिशेब सरळ होता. मुलगा म्हणाला, "आई, तूच तं बाई हाय, तुले कोण पुसते?" मी म्हटलं, म्हणूनच.

शुक्रवारी सकाळी निघताना मी नातीला मांडीवर घेऊन सांगितलं, "आज जेव, झोप. मंग उद्या ये." तिने शहाण्यासारखी मान हलवली. सून तेव्हा न्हाणीत होती. मी निर्धास्त गेले.

दुपारी अंगणात सगळ्या आया बसल्या होत्या, सरपंचबाई आल्या होत्या, माईक कुरकुरत होता, आणि फाटकात स्कूटी थांबली. स्कूटीवरून लोंबी उतरली. पायापासून डोक्यापर्यंत पिवळी, वर लोंब्यांचा तुरा. माझ्याशी भांडलेली बाई पहिल्याच रांगेत होती. ती माझ्याकडे वळून बसली. मी फाटकाशी गेले तर सून हसतच म्हणाली, "आई, जेवली, तासभर झोपली बी. तुम्हीच सांगतलं ना तिले, 'जेव, झोप, मंग ये'? मी तं म्हटलं, आईनं सूट देल्ली वाटते!"

मी नातीकडे पाहिलं. ती आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. डोक्यावरचा तुरा हळूहळू पुढे कलत होता. मधलं 'उद्या' तिने कुठे टाकून दिलं ते मला तिथल्या तिथे दिसलं. खोटं एक अक्षर बोलली नव्हती, फक्त एक शब्द गाळला होता. आई, मला तिचा राग यायला हवा होता. मागे सगळं गाव कान देऊन बसलेलं, समोर सुनेचा चेहरा उतरायला लागलेला. "या कार्टीनं अर्धंच सांगतलं," एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते. पण माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. "माह्याच सांगण्यात चुकलं बाप्पा," मी मोठ्याने म्हटलं, माईकशिवाय सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अजून एक झोप बाकी हाये तिची. घरी ने." सुनेने लोंबीला पुन्हा स्कूटीवर बसवलं. लोंबी वळणापर्यंत रडत गेली. मी परत येऊन बसले तेव्हा माझ्याशी भांडलेली बाई उठली, मागच्या रांगेत पदराआड लपवून बसवलेलं आपलं पोरगं उचललं, आणि माझ्याजवळून जाताना पुटपुटली, "याच्याबी दोन जेवणं बाकी हायेत." तेवढ्यावर मी खरं म्हणजे खुश व्हायला हवं होतं. झालेही. पण त्यानंतर सरपंचबाई म्हणाल्या, "बाई, ती तुमच्या आईची चार जेवणांची गोष्ट सांगा ना, नव्या आयांनी ऐकली नसंल." खोकल्याचं निमित्त करून मी पोरांचा नाच सुरू करायला सांगितलं.

'माह्याच सांगण्यात चुकलं' हे वाक्य मी कुठून शिकले ते मला त्या माईकसमोर कळलं. तुझी ती एक नजर आठवली. इतकी वर्षं मी समजत होते, तुला काही उमगलं नव्हतं. उमगलं होतं, आणि तू एका क्षणात ठरवलंस की पोरीपेक्षा आपणच अडाणी ठरलेलं बरं. आणि मी मोठी होऊन, नोकरीला लागून, दरवर्षी बैठकीत बायकांना तुझ्यावर हसवत राहिले. मला याची लाज वाटते, आई. फार वाटते.

हे पत्र जाणार कुठेच नाही. तू असतीस तरी तुला ते दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि तो वाचणारा मधला एखादा शब्द गाळणार नाही याची खात्री आपल्या घराण्यात कोण देणार? म्हणून इथेच लिहून ठेवते. तू अडाणी नव्हतीस. त्या दिवशी उंबऱ्यावर बाई म्हणाल्या होत्या, "आईले सांग, दोन दिवसाची चार जेवणं होऊ दे, मंग ये." 'दोन दिवसाची' हे मी वाटेतच गिळून टाकलं. बाकीचं सगळं दुसऱ्या दिवशी बाहेर आलं, तेवढं मात्र आजवर पोटात राहिलं.