डाव्या दाराची काच

भोकरदन,
१९ मार्च

प्रिय रूपाली,

तुझा पत्ता शीतलकडून घेतला. तिने तो लगेच दिला नाही. आधी विचारलं, कशाला पाहिजे. मी म्हणालो, बाबांचं कळवायचं आहे. ती म्हणाली, मला सांगा, मी कळवते. मी म्हणालो, हे दुसऱ्याच्या तोंडून जाऊन चालणार नाही. मग तिने एका चिठ्ठीवर पत्ता लिहिला आणि चिठ्ठी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. तुझी मैत्रीण आहे, तिने तसंच करायला हवं होतं. तुझा नंबरही तिने दिला असता. मी मागितला नाही. फोनवर मी तुझ्याशी एकदा बोललो आहे.

बाबांना अकरा जानेवारीला सकाळी झटका आला. नळाजवळ दात घासत होते. आईला वाटलं, पाय घसरला. उजवी बाजू गेली. संभाजीनगरला बारा दिवस ठेवलं, मग घरी आणलं. आता उशीला टेकून बसतात, डाव्या हाताने चमचा धरतात. आपण बोलतो ते त्यांना सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणतात. त्यांना बोलता मात्र येत नाही. एकच शब्द राहिला आहे. असं होतं म्हणे. सगळी भाषा जाते आणि रोजच्या वापरातलं काहीतरी मागे राहतं. कुणाची शिवी राहते, कुणाला नुसते आकडे येतात. बाबांचा 'साहेब' राहिला. एकतीस वर्षं ऑफिसची जीप चालवली, त्यातला हाच एक शब्द उरला. पाणी हवं असलं तरी साहेब, पाठ दुखली तरी साहेब. आईला साहेब म्हणाले तेव्हा ती पहिल्या दिवशी हसली. म्हणाली, चला, म्हातारपणी तरी परमोशन झालं माझं. मग पदर तोंडाला लावून आत गेली. मलाही साहेबच म्हणतात. त्याची सवय होईल असं मला वाटलं होतं. झाली नाही.

तू यावंस, असं मला वाटतं. ते मागायचा हक्क मला आहे का, हे तू पत्र संपल्यावर ठरव.

बाबांचं टेबल तिथेच आहे, मधल्या खोलीत, खिडकीखाली. तू गेल्यावर त्यांनी प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या जोडणं सोडलं असेल असं तुला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. उलट वाढलं. रिटायर झाल्यावर तर सकाळचा चहा झाला की टेबल, जेवण झालं की टेबल. फळीवर आता सतरा गाड्या आहेत. तुझ्या वेळच्या चार. सगळ्यांची स्टेअरिंग उजवीकडे. सुट्या भागांचं किट परदेशी, त्यात स्टेअरिंग डाव्या बाजूला, आणि बाबा पहिल्या दिवशी ते कापून उजवीकडे बसवणार. आपण हसायचो तर म्हणायचे, डाव्या स्टेअरिंगची गाडी भोकरदनच्या रस्त्यावर चालंल काय.

पहिलं किट तुला आठवतं का? इंजिनिअर साहेबांच्या मुलाने अर्धवट चिकटवून कंटाळून जीपमध्ये सोडलेलं. साहेब म्हणाले, टाकून द्या. बाबांनी ते खोक्यासकट घरी आणलं. तू आठ वर्षांची, मी बाराचा. सूचनांचा कागद कुठल्या भाषेत होता कोण जाणे. तू नुसत्या चित्रांवरून ओळखायचीस. मी पहिल्याच दिवशी सगळे भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडून येतात तिच्यातला हेडलाइट कटरने न कापता पिळून तोडला. तो टचकन उडाला आणि मोरीत गेला. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "प्रितम, तुझा हात घाईचा हाय." त्यानंतर त्यांनी मला कधी टेबलावर बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही. मी दारातून बघायचो. तू चिमट्याने भाग धरायचीस, ते गोंदाचा थेंब काडीच्या टोकावर घ्यायचे. त्यांचा नियम तुला पाठ असेल. आधी कोरडं, मंग ओलं. कुठलाही भाग आधी बिनगोंदाचा बसवून बघायचा. आणि वरची बॉडी खालच्या भागावर चिकटवायच्या आधी एक अख्खा दिवस नुसती ठेवून द्यायची. काय आत टाकायचं राहिलं, ते त्या दिवसात ध्यानात येतं, असं ते म्हणायचे. बंद झाल्यावर आठवून काय उपयोग?

त्यांची शेवटची गाडी दसऱ्यानंतर आली. चार दारांची, जुन्या पद्धतीची. त्यांनी ती पांढरी रंगवली. झटका आला त्या दिवशी ती जवळजवळ झाली होती. सीट, स्टेअरिंग, चाकं सगळं बसलेलं, बॉडी वर नुसती टेकवलेली. तीन दारांना काचा होत्या. पुढच्या डाव्या दाराला नव्हती. ती काच कागदाच्या पुडीत वेगळी ठेवलेली होती.

फेब्रुवारीत व्यायाम करून घेणारी बाई म्हणाली, त्यांच्या आवडीचं काहीतरी समोर ठेवा. मी टेबल पलंगाजवळ सरकवलं. बाबांनी गाडी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि डावा हात उचलला. साहेब, म्हणाले. मला वाटलं, पूर्ण कर म्हणतात. तीस वर्षांनी मला टेबलावर बोलावलं असं मला वाटलं. हे मी तुला मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे केलं ते या आनंदात केलं.

शाळेतून येऊन मी तीन दुपारी बसलो. नंबरप्लेट लावल्या, आरसे लावले. बाबा बघत होते. कधी हात उचलत, फळीकडे दाखवत. मी पाणी दिलं. औषधाची पट्टी दिली. रेडिओ लावला. ते मान हलवत, पण ती मान होकाराची की नकाराची, हे अजून कुणालाच कळत नाही. त्यांच्या मनात असतं एक आणि मान वेगळीच हलते. चौथ्या दिवशी मी पुडी उघडली. काच निघाली. मला वाटलं, ही बसवायची राहून गेली. त्यांच्या बाटलीतला गोंद वाळून गेला होता, म्हणून मी दुकानातला झटपट चिकटणारा आणला. काच आतून लावली. तेव्हाच ते ओरडायला लागले. साहेब, साहेब, साहेब. डावा हात गादीवर आपटत होते. आई धावत आली. म्हणाली, थांब जरा, त्यांना काहीतरी म्हणायचं हाय. मी म्हणालो, होत आलंय, बंद झालेली बघितली की शांत होतील. आणि त्याच हाताने बॉडी खाली चिकटवून टाकली. एक दिवस कोरडी ठेवली नाही. एक तासही नाही.

ते शांत झाले, हे खरं. भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी बघितलं तर डावी काच पांढरी झाली होती. त्या गोंदाची वाफ बंद जागेत काचेवर बसते, हे तुला माहीत असेल, मला माहीत नव्हतं. कपड्याने पुसलं. डाग आतल्या बाजूने होता.

फळीवर ते काय दाखवत होते, ते त्या दिवशी कळलं. आईने फळी पुसायला घेतली. त्यांचा ड्रायव्हरचा बिल्ला असतो ना, त्याच्या मागे एक काडेपेटी होती. आत कापूस, आणि कापसात एक मुलगी. करंगळीच्या दोन पेरांएवढी, बसलेली. फ्रेमचे उरलेले तुकडे मेणबत्तीवर तापवून, ओढून केलेली. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, दोन वेण्या, लाल रिबिनी. डावा हात खांद्यापासून सरळ बाहेर ताणलेला आणि पंजा उघडा.

मी ते बघून काय ते समजलो. तूही समजली असशील. रविवारी बाबा जीप धुवायला केळनेवर न्यायचे, तू पुढे बसायचीस, मी मागे पान्यांच्या पेटीवर. डाव्या बाजूचा इंडिकेटर कित्येक महिने बंद होता. नदीकडे वळायचं ठिकाण आलं की बाबा म्हणायचे, "रूपे, हात दाखव." आणि तू खांद्यापर्यंत हात बाहेर काढायचीस, सगळा तालुका तुझ्या हाताखाली वळणार असल्यासारखा. मला त्या हाताचा फार राग यायचा.

त्या हातासाठी त्यांनी ती काच लावली नव्हती. मी ती लावली, वर सगळं बंद केलं, आणि तू काडेपेटीत राहिलीस.

आता मुख्य गोष्ट. एवढं लिहूनही ती लिहायला हात उचलत नाही.

सात वर्षांपूर्वी साखरपुडा पाच दिवसांवर असताना तू नाशिकला निघून गेलीस. ते स्थळ मी आणलं होतं, धावड्याचं, माझ्या शाळेच्या गावचं. लग्न मोडलं हे सांगायला मी एकटा गेलो. त्यांनी मला अंगणात उभं ठेवलं. पाणीही विचारलं नाही. मुलाचा चुलता, रखमाजी, म्हणाला, "गुरुजी, घरातलं एक लेकरू ऐकत न्हाई, अन् वर्गातली चाळीस ऐकतेत व्हय?" लोक हसले. त्यानंतर रोज शाळेत जाताना मला त्या दारावरून जावं लागायचं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगतो आहे. तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तू विचारलंस, बाबा काय म्हणतात, मी येऊ का. मी म्हणालो, बाबा म्हणतात, पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही.

रूपाली, बाबा असं म्हणाले नव्हते. ते टेबलापाशी बसले होते, पाठमोरे. मी फोन ठेवला तेव्हा वळून त्यांनी विचारलं, कुणाचा होता. मी म्हणालो, शाळेतून होता. पुढे कितीदा तरी त्यांनी विचारलं, रूपाचं काही कळलं का. मी म्हणालो, तिला आपल्याशी संबंध ठेवायचा नाही. तुला एक सांगितलं, त्यांना दुसरं. तू नंबर बदललास, आणि माझं काम सोपं झालं. गेल्या वर्षी तू बिल्डर लोकांसाठी इमारतींची लहान मॉडेल करतेस, असं शीतलच्या आईकडून त्यांना कळलं. त्या दिवशी जेवताना दोनदा भाकरी मागून घेतली. मला म्हणाले, एकदा नाशिकला जाऊन येऊ. मी म्हणालो, सुट्टी लागू द्या. दिवाळीची सुट्टी लागली, संपली. ते काडेपेटीतल्या त्या मुलीला रंग देत असतील त्या सुमारास.

काडेपेटी सापडली त्या दुपारी मी हे सगळं आईसमोर त्यांना सांगितलं. त्यांना कळतं, हे मला तेव्हा पक्कं समजलं, कारण त्यांच्या एकाच डोळ्यातून पाणी आलं. मी पाय धरले. ते म्हणाले, साहेब. त्यांनी मला शिवी दिली असेल. माफ केलं असेल. तुला बोलाव म्हणाले असतील, किंवा नुसतं पाणी मागितलं असेल. मला कधीच कळणार नाही. आई त्या दिवसापासून माझं ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. एकदाच बोलली. म्हणाली, "सात वर्सं म्या तिलाच बोल लावला."

दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टर म्हणतात. गाडी फोडून काच काढता येईल. माझ्या हातून फुटेल, एवढंच मला खात्रीने सांगता येतं. तुला ती उघडता येईल का, हेही मला माहीत नाही. पण बाबांसमोर त्या टेबलाशी बसून प्रयत्न करू शकेल असं दुसरं कुणी नाही. मी घरात नको असेन तर तसं आईला सांग, मी बहिणीच्या वाटेत उभा राहणार नाही. धावड्याला खोली बघून ठेवली आहे. विश्वास बसला नाही तर तोही तुझा हक्क आहे. माझ्याकडे पुरावा म्हणून ती दोन पेरांची मुलगी आहे. ती मी तुला पाठवणार होतो. पाकिटात घालायला काढली, तर बाबांनी डावा हात पुढे केला आणि मूठ मिटून घेतली. ती त्यांच्या मुठीतच आहे. चमच्यापुरती मांडीवर ठेवतात, आंघोळीलाही सोडत नाहीत. गाडी खिडकीखाली तशीच आहे. मी तिला हात लावलेला नाही, आणि हे पत्र लिहून झाल्यावर एक दिवस नुसतं ठेवून मग टाकतो आहे.

तुझाच, तू म्हणू दिलंस तर,
प्रितम